शांतवन सरांच्या दोन कबरी

एका माणसाला एकच कबर लागते, हे कळायला गणिताचा मास्तर व्हावं लागत नाही. तरीही शांतवन रणनवरे सर गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्यासाठी दोन कबरी खणून तयार होत्या. एक शिरूरला, त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावरच्या ख्रिस्ती कबरस्तानात. दुसरी दौंडला, त्यांच्या बायकोच्या, रूथबाईंच्या शेजारी. आणि दोन्हींना होकार एकाच माणसाने दिला होता, सरांच्या मुलाने, आमोसने.

आमोस रांजणगावच्या एका कंपनीत क्वालिटीला होता. दिवसभर माल रिजेक्ट करणारा हा गृहस्थ कंपनीच्या बसमधून उतरून घरात शिरला की कुणालाही नाही म्हणू शकत नसे. आदल्या संध्याकाळी मुलींचा खो-खोचा सराव आटोपून सर अंगणात चहा पीत बसले आणि कप हातात असतानाच गेले. बातमी कळताच पोपटराव धावत आला. सरांच्या पहिल्या संघाचा कप्तान, आता कांदा आणि शेवंती पिकवणारा, नातवंडं असलेला माणूस. आमोसचा हात धरून त्याने विचारलं, "सरांना इथंच ठिवायचं ना, आपल्यात?" आमोस हो म्हणाला. तेवढ्यात दौंडहून याकोबकाकांचा फोन आला, "वहिनीशेजारची जागा उघडायला सांगतो रे." आमोस म्हणाला, हो काका. दोन्ही वेळा तो रडत होता, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं.

सकाळी सुवार्ता दौंडहून अॅम्ब्युलन्स घेऊनच आली. सरांची ही थोरली लेक दौंडला नर्स होती. बरोबर याकोबकाका, सरांचे धाकटे भाऊ, रेल्वेतले निवृत्त गार्ड. अंगणभर माणसं बसली होती. वडगाव रासाईच्या बाया शेवंतीच्या पाट्या घेऊन आल्या होत्या, कंपनीच्या निळ्या शर्टातली पोरं पहिल्या पाळीला दांडी मारून आली होती. सुवार्ता कुणाकडे न पाहता सरळ आत गेली. पप्पा बर्फाच्या पेटीत शांत झोपले होते. चर्चला घालायचा पांढरा सदरा त्यांना घातला होता, पण नखांत काल मैदान आखलेली पांढरी फक्की तशीच होती. ती तिने पुसली नाही. पेटीच्या काचेवर हात ठेवून ती बराच वेळ उभी राहिली.

बाहेर आली तर पोपटराव सामोरा आला. डोळे सुजलेले, विजारीला गुडघ्यापर्यंत माती.

"ताई, खड्डा झाला बघा. मजूर लावला न्हाई, पोरांनीच खांदला. काटकोनाला दोरी लावून मापला, सरांची तीन-चार-पाचची. म्हणलं, कोपरा चुकला तर सर उठून बसत्याल."

"कुठला खड्डा?"

"सरांचा."

"पोपटदादा, पप्पांना दौंडला न्यायचंय. आईशेजारी. तिकडे पहाटेच खणून झालंय."

पोपटरावने तिच्याकडे पाहिलं, मग काकांकडे, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून आमोसकडे.

"तू मला हिरवं निशाण दिलंस!" याकोबकाका कडाडले. "एका लाइनीवर दोन गाड्या सोडतात का रे? माझ्या नोकरीत असं कुणी केलं असतं तर घरी बसवला असता!"

आमोस उठून स्वयंपाकघरात गेला. रणनवऱ्यांच्या घरातली सगळी भांडणं स्वयंपाकघरातच होत आली होती. बाहेरच्या खोलीत आणि व्हरांड्यात सरांच्या शिकवण्या चालत, त्यामुळे दुसरी जागाच नव्हती. सुवार्ता मागोमाग गेली.

"मला एक शब्द विचारता आला नाही तुला?"

"ताई, मी शुद्धीवर होतो का?"

"मग आता बाहेर जाऊन सांग. सांग, दौंडला नेतोय म्हणून."

आमोस ओट्याला टेकून उभा राहिला. तो आईचा ओटा होता. नाताळात इथेच करंज्यांचे आणि नानखटाईचे ढीग पडायचे आणि ताटं भरून ती आधी पोपटरावच्या घरी जायची. पप्पा दारात उभे राहून प्रत्येक पोराला एक पाढा म्हणायला लावून मगच करंजी देत. जेवणाआधीची प्रार्थना दोन ओळींची आणि पाढे मात्र एकोणतीसपर्यंत, अशी या घराची शिस्त. त्या शिस्तीला आमोस लहानपणी कंटाळायचा. आत्ता त्याला वाटलं, कुणीतरी बाहेरून सतरा नव्वे विचारावं.

"मला पप्पा इथे हवेत," तो म्हणाला. त्याच्या आवाजाचं त्यालाच नवल वाटलं. "तू दौंडला असतेस. काका दौंडला. मी एकटा इथे राहणार, ताई. कामावरून येता येता कबरीपाशी थांबलो असतो."

"आणि आई? आई तिकडे एकटी."

"आईला तू नेलंस."

सुवार्ताचा चेहरा एकदम उतरला.

"उपचारांना नेलं होतं, आमोस."

"तसं नाही म्हणत मी. पण ती गेल्यावर तिला तिथेच ठेवायचं कुणी ठरवलं? मला कुणी विचारलं?"

"विचारलं होतं. तू हो म्हणालास."

"मी सगळ्यांनाच हो म्हणतो! तुला माहीत नाही का?"

यावर दोघंही हसले असते, एरवी. सुवार्ता फक्त म्हणाली, "मी शब्द दिलाय तिला. 'मला एकटीला ठेवू नका,' म्हणाली होती. माझा हात धरून. तू काय तो निर्णय घे, पण मी पप्पांना नेल्याशिवाय इथून हलणार नाही."

ती बाहेर आली ती काकांच्या भरवशावर. पण काका व्हरांड्याच्या पायरीवर उभे राहून अंगणाकडे पाहत होते. मघाचा आवेश कुठल्या कुठे गेला होता. फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेलाही माणसं बसली होती. एक बाई कडेवरचं पोर दाखवून दुसरीला सांगत होती, "ह्याच्या वेळी पोटुशी हुते तरी सर म्हणले, मैदानात यिऊन नुसतं बस, पोरींना धीर यील."

"सुवार्ता," काका हळू आवाजात म्हणाले, "आपलं चुकत तर नाही ना गं? दौंडला खांद्याला माणसं मिळतील. पण एवढी नाही मिळायची. दादा आमचा होता म्हणतो मी, पण आमचा किती आणि यांचा किती..."

"काका, तुम्हीसुद्धा?"

"मी नुसतं बोललो."

म्हणजे आता ती एकटीच उरली.

चर्चचे पाळक तरुण होते आणि तेही सरांच्याच हाताखालून गेलेले. त्यांनी बायबल मिटून बाजूला ठेवलं. "कुटुंबात एकमत झाल्याशिवाय मला काही करता येणार नाही," ते म्हणाले. "पण सर असते तर त्यांनी काय केलं असतं, ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे."

"फळ्यावर बोलावलं असतं," निळ्या शर्टातला एक जण म्हणाला. अंगणात हुंदके आणि हसू एकदमच ऐकू आलं.

सरांची रीतच होती ती. एका गणिताची दोन पोरांना दोन उत्तरं आली की सर कुणाचं बरोबर ते सांगत नसत. दोघांना फळ्यापाशी उभं करीत. एकाने सगळं मांडायचं, मग दुसऱ्याने. पायरी गाळायची नाही. मध्ये कुणी बोलायचं नाही. आणि हातात खडू असलेल्या पोराला आपलं चुकतंय हे स्वतःच्याच पायरीवर कळेपर्यंत सर खिडकीतून बाहेर बघत राहायचे. कळलं की, "माझं चुकलं," एवढं म्हणून जागेवर जाऊन बसायचं. त्याला कधी कुणी हसलं नाही. हसणाऱ्याला पुढचं गणित मिळे.

व्हरांड्याच्या भिंतीवर शिकवणीचा काळा फळा अजून होता. त्याच्या एका बाजूला सुवार्ता उभी राहिली, दुसऱ्या बाजूला पोपटराव. सोजराबाई, पोपटरावची म्हातारी आई, भिंतीला टेकून बसली होती, ती म्हणाली, "आधी लेकीनं बोलावं."

सुवार्ताने पदर सावरला. "आईपप्पांनी संसार बरोबर केला. पप्पा कुठल्याही गावी संघ घेऊन गेले तरी शनिवारी रात्री घरी परत यायचे. रविवारी आईच्या शेजारी बसून उपासना करायची म्हणून. आई दौंडला आहे. तिने मला सांगितलं, एकटीला ठेवू नका. मी हो म्हणाले. बाकी माझं काही नाही."

ती थांबली. एक पायरी तिने गाळली होती, आणि ती गाळली हे तिला पक्कं ठाऊक होतं. आईने त्या शेवटच्या दिवसांत आणखीही काही म्हटलं होतं, पुन्हा पुन्हा म्हटलं होतं: "मला घरी कधी नेतेस? शिरूरला ने मला." ते बोलून दाखवलं तर पोपटरावचंच गणित सुटलं असतं. म्हणून तिने ते गिळलं. आपण पप्पांच्याच फळ्यापाशी उभं राहून हे केलं, याची तिला लाज वाटली, पण ती बोलली नाही.

आता पोपटरावची पाळी. सभेत माइक हातात धरून तासभर बोलणारा हा माणूस फळ्यापाशी उभा राहिला तसा थेट आठवीतला झाला. हात पाठीमागे गेले.

"सर ह्या गावात आले तवा मिसरूड नुकतं फुटलं व्हतं त्यांना," त्याने सुरुवात केली. "आमच्यात गणिताला समदी घाबरायची. मी तर लईच. सरांनी मला आधी खो-खोत घेतलं. म्हणले, पोपट, तू खांबापासून कुठल्या कोनात पळतोस ते तुझ्या पायाला कळतंय, डोक्याला मी कळवतो. त्या मैदानातली दगडं आम्ही आन् सरांनी वेचल्यात. पोरींचा संघ काढला तवा गाव नावं ठिवत व्हतं. सर घरोघर गेले. रूथबाई संगं आल्या म्हणून आमच्या आयाबहिणींनी पोरी धाडल्या. सर ख्रिस्ती, आमी न्हाई. पण माझ्या लग्नात अक्षता टाकायला उभे राहिले, आन् माझा बाप गेला तवा माझ्या घरी येऊन डोळं मिटून प्रार्थना केली. आमच्यातल्या कुणी इचारलं न्हाई, ही कोणच्या देवाची म्हणून."

सुवार्ता खाली बघत होती. हे सगळं खरं होतं, आणि त्यातलं निम्मं तिनेही पाहिलं होतं. आईच्या मागून ती स्वतः त्या घरांत गेली होती, फ्रॉक घालून, दारोदारी गुळाचा चहा पीत.

"समदा जन्म ह्या मातीत गेला त्यांचा," पोपटराव म्हणाला. "सर गाव सोडून कवा कुठं गेले न्हाईत. म्हणून..."

आणि तो अडकला.

सुवार्ताने मान वर केली नाही. कुणीही काही बोललं नाही, तसा नियमच होता. पोपटराव फळ्याकडे वळला. फळा कोरा होता, पण तो असा बघत राहिला की जणू तिथे त्यानेच काही चुकीचं लिहून ठेवलं होतं.

"न्हाई," तो म्हणाला. "पायरी गाळली मी. सर जात व्हते. बाई गेल्यापासनं दर शनवारी जात व्हते. दौंडला."

सुवार्ताने चमकून पाहिलं. "दर शनिवारी?"

"आधी एस्टीनं. मग गुडघं धरलं तवा मी न्यायचो, पिकअपमधी. माझा कांदा केडगावला जायचा, तिथनं पुढं मी त्यांना दौंडला सोडायचो, कबरस्तानात. तुमची शनवारी ड्युटी असायची, ताई. सर म्हणायचे, तिला सांगू नकोस, रजा टाकून सैपाकाला लागंल." पोपटरावचा आवाज फुटला. "घडीची खुर्ची घिऊन बसायचे बाईंपाशी. आठवड्याचं समदं सांगायचे. कुणाला किती मार्क पडले, संघातल्या वैष्णवीनं कसा सूर मारला, आमोसनं कंपनीत कुणाला काय हो म्हणून ठिवलंय. मी लांब थांबायचो. एकदा ऊन लई झालं, म्हणून म्हणलं, सर चला आता, घरी जाऊ. तर हसले. म्हणले, 'घरी जायची कसली घाई, पोपट? घरीच तर आलोय.'"

सोजराबाईने डोळ्याला पदर लावला.

इतके शनिवार पोपटरावने गाडी चालवली होती, आणि त्याचा अर्थ त्याला आज, इथे, हात पाठीमागे बांधून उभं राहिल्यावर कळत होता. "माझं चुकलं," तो म्हणाला आणि जागेवर जाऊन बसला.

सुवार्ता जिंकली होती. तिला मात्र फळ्यापासून हलवेना. आमोस पुढे आला आणि त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "नेऊ या, ताई," तो म्हणाला. या वेळचा हो विचार करून दिलेला होता.

पेटी उचलायची गडबड सुरू झाली तेव्हा सोजराबाईने नवीन प्रश्न काढला. "आन् त्या खड्ड्याचं काय? उघडलेला खड्डा तसाच बुजवत न्हाईत, बाबा. त्यो दुसऱ्याला बोलावतो."

"आजी, असं काही नसतं," पाळक म्हणाले.

"तुमच्यात नसंल. खांदला तर आमच्या पोरांनी हाय ना."

खणणारी पोरं एकमेकांकडे बघू लागली. पोपटराव उठला, विजार झटकली आणि कुणाशी एक शब्द न बोलता फाटकातून निघून गेला. मागोमाग पोरंही गेली. सुवार्ताला वाटलं, रागावला. तो खांद्यालासुद्धा थांबला नाही, हे तिला फार लागलं. अॅम्ब्युलन्स न्हावऱ्याच्या रस्त्याला लागली तरी ती मागच्या काचेतून पाहत होती. मागे गाड्यांची रांग होती, मोटारसायकली होत्या. पोपटरावची पिकअप त्यात नव्हती.

दौंडच्या कबरस्तानात ऊन कलतीला लागलं होतं. रूथबाईंच्या शेजारी नवा खड्डा होता आणि कडेला काळ्या मातीचा ढीग, भीमेकाठची असते तशी, ओलसर आणि चिकट. गीतं झाली. पाळकांनी वचनं वाचली. दोरांवरून पेटी खाली गेली तेव्हा आमोस मोठ्याने रडला आणि काकांनी त्याला जवळ घेतलं. सुवार्ता मूठमाती द्यायला वाकली, इतक्यात फाटकाशी हॉर्न वाजला.

एकामागून एक दोन पिकअप आत येत होत्या. पुढची पोपटराव चालवत होता. दोन्हींत वरपर्यंत मुरूम भरलेला होता, आणि मुरमावर फावडी घेऊन पोरं बसली होती. सगळ्यांच्या भुवया धुळीने पांढऱ्या झालेल्या.

पोपटराव उतरला आणि सुवार्तासमोर येऊन उभा राहिला. "ताई, आमच्या खड्ड्यातली माती हाय ही. बसली तेवढी भरली, म्हणून उशीर झाला. सर इथं ऱ्हाऊ द्यात, बाईंपाशी. पर त्यांच्या अंगावर आपली माती पडू द्या. शिरूरची."

"बाहेरची माती इथे..." पाळक चाचरले. "इथल्या कबरस्तानाच्या कमिटीला विचारावं लागेल."

"कमिटीत मीच आहे," याकोबकाका नाक पुसत म्हणाले. "येऊ द्या गाडी पुढे. अजून. अजून. बास!"

आमोसने पहिलं घमेलं उचललं. सुवार्ताने मुरमाची मूठ घेतली. हा मुरूम तिच्या ओळखीचा होता. मैदानावर हाच तिच्या गुडघ्यांत रुतलेला असायचा आणि पप्पा विहिरीवर बसून तो धुऊन काढायचे. तिने मूठ सोडली. मग पोरं, बाया, नातेवाईक, सगळ्यांचे हात लागले. दोन्ही पिकअप रिकाम्या झाल्या आणि कबर शिगोशीग भरली.

कडेला काळ्या मातीचा ढीग तसाच राहिला.

"आता ही आमाला द्या," पोपटराव म्हणाला. "आमचा खड्डा उघडाच हाय. आई म्हणती तसा रिकामा न्हाई बुजवायचा."

सुवार्ता ढिगाकडे बघत होती. ही माती आईच्या कुशीला लागून निघाली होती. दोन वर्षं आईशेजारी होती. सकाळी फळ्यापाशी गिळलेलं वाक्य तिच्या घशाशी आलं, आणि आता ते अडवायचं काही कारण उरलं नव्हतं.

"पोपटदादा, मीपण एक पायरी गाळली सकाळी," ती म्हणाली. "आई शेवटपर्यंत म्हणत होती, मला शिरूरला ने. मी नाही नेलं."

पोपटरावने फावडं तिच्यापुढे धरलं.

तिने पांढऱ्या साडीचा पदर खोचला आणि पहिलं घमेलं स्वतः भरलं. आमोसने ते उचललं, पोरांनी पुढे दिलं. काळी माती पिकअपमध्ये चढत गेली. काका मध्येच म्हणाले, अगं तू बस, पोरं भरतील. तिने ऐकलं नाही. शेवटचं घमेलं पडलं तेव्हा अंधारायला आलं होतं. पोपटरावने मातीवर ताडपत्री ओढून चारी कोपरे बांधले. सुवार्ताने मातकट हात साडीलाच पुसले, दार उघडलं आणि ती त्याच्या शेजारी पुढच्या सीटवर चढून बसली.

"अगं, घर इथे जवळ आहे. तू आता कुठे निघालीस?" काकांनी विचारलं.

"आलेच, काका," सुवार्ता म्हणाली. "आईला घरी सोडून येते."